ज्यानं लिवलं त्यानं वाचायचं

कमलताई भोईर यांच्या काळ्या रेक्झिनच्या बॅगेत चार गोष्टी कायम असत. मुलींच्या गटाचं हजेरीपुस्तक, साबणाच्या डबीत ठेवलेला चष्मा, बडीशेपेची पुडी आणि एक खाकी पाकीट. पहिल्या तीन वस्तू दिवसातून दहा वेळा बाहेर यायच्या. पाकीट मात्र मी त्यांच्याबरोबर काम केलं तेवढ्या काळात एकदाच बाहेर आलेलं पाहिलं. त्यात हक्कसोडपत्र होतं. घणसोली गावातल्या वडिलांच्या घरातला आपला हिस्सा मी भावाला सोडून देते, असं बहिणीनं लिहून द्यायचा कागद. त्यावर कमलताईंची सही व्हायची होती आणि ती वर्षभर होत नव्हती.

आता गंमत बघा, ही बाई आमच्या संस्थेत मुलींना त्यांचे हक्क समजावून सांगायच्या कामावर होती.

आमचं ऑफिस सीबीडी बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला आणि वकिलांच्या पाट्या. संस्थेला मदत परदेशातून येते, म्हणून रिपोर्टही तिकडेच जातात, आणि ते लिहायचं काम माझं. मी मूळचा कणकवलीकडचा, राहायला नेरूळला. माझ्या भाषेबद्दल मला जरा जास्तच अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. वस्तीतल्या मुली मीटिंगमध्ये जे काही बोलायच्या ते मी तिकडच्या लोकांना रुचेल असं करून द्यायचो. कोणी म्हणाली की घरात अभ्यासाला जागा नसते, की मी लिहायचो, किशोरवयीन मुलींना शिक्षणासाठी सुरक्षित अवकाश उपलब्ध नाही. वीस वर्षं हेच केलं. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही, असं माझं मत होतं.

कमलताई रुजू व्हायला आल्या त्याच दिवशी आमचा खटका उडाला. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण सातवी, पद गटसंघटक. मी नेमणुकीचं पत्र पुढे सरकवलं आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि पत्र परत माझ्याकडे सरकवलं.

"वाचून दाखवा."

"तुम्हाला वाचता येतं ना?"

"येतं की. पन हे लिवलं कोनी?"

"मी."

"मग तुमीच वाचा. ज्यानं लिवलं त्यानं वाचायचं."

जेवणाची सुट्टी झाली होती. डबा उघडून ठेवला होता. मी रागारागानं दोन पानं वाचून काढली. 'संस्थेच्या गरजेनुसार अन्य जबाबदाऱ्या' ही ओळ आली तशी मी जरा भरभर पुढे गेलो, तर कमलताईंनी हात वर केला. "हितं तुमी पललात, भाऊ. परत वाचा. अन्य म्हंजे काय?" खरं सांगायचं तर अन्य म्हणजे पाहुणे आले की चहा. आमच्याकडे बाईमाणसाच्या पत्रात ती ओळ असायची, पुरुषांच्या पत्रात नसायची. ती मीच वर्षानुवर्षं टाकत आलो होतो आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कमलताईंनी त्या ओळीपुढे माझ्याच हातानं 'चहा करणे सोडून' असं लिहून घेतलं, मग चष्मा काढून डबीत ठेवला आणि सही केली.

त्यांचं म्हणणं असं, की कागदात खोटं जिथं असतं तिथं लिहिणाऱ्याचा घसा अडखळतो. दुसऱ्यानं वाचलं तर कळत नाही, कारण त्याला माहीतच नसतं. मला हे तेव्हा अडाण्याचं तत्त्वज्ञान वाटलं होतं. बोललो नाही, पण तोंडावर दिसलं असणार.

घणसोलीत एका बाजूला वीस-वीस मजली टॉवर आणि मध्येच जुनं गावठाण, घराला घर खेटलेलं. प्रत्येक घरावर एक मजला चढवलेला आणि त्यात भाडेकरू. कमलताई गावच्याच, आगरी. घराचा पुढचा भाग धाकट्या भावाचा, रघुनाथचा. मागची एक खोली यांची. विसाव्या वर्षी लग्न झालं होतं आणि तीन वर्षांत त्या परत आल्या होत्या. त्याबद्दल मी त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं. "तिकडं माझं कोनी आयकत नव्हतं, म्हनून आले." पुढे विचारायची सोय नव्हती.

दर शनिवारी त्या मागच्या खोलीत मुलींची बैठक व्हायची. दहा-पंधरा मुली, काही गावच्या, बऱ्याचशा भाडेकरूंच्या. खाली एक मोठी हिरवी गोधडी अंथरलेली असायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गोधडीच्या काठाची जर पाहून सहज म्हणालो, चांगल्या साडीची दिसते.

"सहीची साडी हाय," कमलताई म्हणाल्या.

त्यांचे वडील वारले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. शेताच्या कागदांवर वारसांच्या सह्या लागत होत्या. चुलत्यांनी त्यांना आणि आईला जीपमध्ये घालून ऑफिसात नेलं, भजी खाऊ घातली, आणि बोट दाखवलं तिथं यांनी सही केली, आईनं अंगठा दिला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना हिरवी साडी नेसवली. बहिणीनं हक्क सोडला की तिला साडी नेसवायची, ही आमच्याकडची रीतच आहे, आणि घेणाऱ्यालाही तो मान वाटतो. "मना वाटलं, काय मोठं काम केलं मी," कमलताई सांगायच्या. "दोन वरसांनी कललं, सातबारावर माझं नाव व्हतं, ते मीच काढलं." त्यानंतर ती साडी त्यांनी कधी अंगाला लावली नाही. जुन्या धोतरांचे थर आत घालून तिची गोधडी शिवली. नवी मुलगी दारात बुजून उभी राहिली की त्या गोधडीवर हात आपटून म्हणायच्या, "बस गं. एवढा तरी हिस्सा वापर."

बैठकीची पद्धतही त्या गोष्टीतूनच आलेली. एक मुलगी सगळ्यांचं बोलणं वहीत लिहायची, आणि शेवटी तिनंच ते मोठ्यानं वाचायचं. जिचं वाक्य आलं तिनं हात वर करून सांगायचं, हां, हे मी बोलले. किंवा मी असं नाही बोलले. मग ते वाक्य खोडायचं, तिला पुन्हा विचारायचं, पुन्हा लिहायचं. यात अर्धा तास मोडायचा. मी तेव्हा मनातल्या मनात किती चडफडायचो. पण त्या खोलीत एक गोष्ट मी बघितली आहे. ज्या मुली महिनाभर तोंड उघडत नव्हत्या, त्यांना स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून जसंच्या तसं ऐकू आलं की त्या सरळ होऊन बसायच्या.

रघुनाथबद्दलही सांगायला हवं, नाहीतर लोक त्याला उगाच खलनायक करतील. बाजारातून मावरं, म्हणजे मासळी, आणली की पहिला वाटा तो मागच्या खोलीत द्यायचा. बहिणीला डेंग्यू झाला तेव्हा आठ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता. त्याची अडचणही खरी होती. दोन खोल्यांत सात माणसं, मुलगा लग्नाचा. आजूबाजूची घरं मिळून एक बिल्डिंग होणार होती, सगळ्यांचे कागद झाले होते आणि फक्त याच घरातल्या बहिणीची सही राहिली होती. शनिवारी बैठक संपायच्या सुमारास तो दारात यायचा. आत यायचा नाही.

"ताय, बघ ना जरा. नव्या बिल्डिंगीत तुझी खोली पक्की हाय, मी सांगतंय ना."

"बघते."

एवढंच बोलणं. एकदा ऑफिसात चहा पिताना मी आगाऊपणा केला आणि विचारलं, नाही म्हणून टाका की सरळ. त्यांनी कप बशीत ठेवला. "नाय म्हनलं तर माहेर तुटंल, भाऊ. मना दुसरं कोन हाय? आनि हो म्हनलं तर या पोरींना काय तोंड दाखवू?" असल्या पेचासाठी माझ्याकडे रिपोर्टातले पुष्कळ शब्द होते, पण ते त्यांच्यासमोर काढायची लाज वाटली.

आता माझ्या चुकीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय कमलताई कळायच्या नाहीत.

त्यांच्या गटात प्राजक्ता शिंदे म्हणून एक मुलगी होती. सतरा वर्षांची, बारावी कॉमर्स. घर मूळचं साताऱ्याकडचं, वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही. गावात एका मंडळाची अभ्यासिका होती, पंखे, ट्यूबलाइट, सगळं चांगलं. पण मुलींना तिथं संध्याकाळी सहापर्यंतच बसू द्यायचे. मुलगे दहापर्यंत. मुलींचं काही झालं तर जबाबदारी कोण घेणार, असं मंडळाचं म्हणणं. कमलताई मुलींना घेऊन तीनदा जाऊन आल्या. शेवटी मंडळवाले म्हणाले, कोणी जबाबदार माणूस बसणार असेल तर नऊपर्यंत चालेल. हे प्राजक्तानं घरी सांगितलं. पहाटेपासून कांद्याच्या गोणी वाहून आलेला तिचा बाप म्हणाला, म्या बसतो. तेव्हापासून रोज सहा ते नऊ शिंदे अभ्यासिकेच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि आत अकरा मुली अभ्यास करायच्या.

बैठकीच्या वहीत प्राजक्ताचं वाक्य असं होतं: "बाबा बसतात म्हणून आम्हाला बसता येतं. पण त्यांना बसावं लागतं हे मला आवडत नाही."

त्या तिमाहीच्या रिपोर्टात तरुणांचा आवाज म्हणून एक पान भरायचं होतं, एका मुलीचा फोटो आणि तिच्या तोंडचे शब्द. मी वहीतलं वाक्य वाचलं आणि मला ते पटेना. बाप चांगला, पण मुलगी नाराज, म्हणजे वाचणाऱ्यानं समजायचं काय? म्हणून मी प्राजक्ताच्या नावावर अवतरणचिन्हांत लिहिलं: "वडिलांचा विरोध पत्करून मी शिकते आहे. आता माझा आवाज कोणी दाबू शकणार नाही." सांगायला हरकत नाही, ते लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. आमच्या संचालक मॅडमना पान आवडलं. परदेशातल्या मंडळींना तर इतकं आवडलं, की निरनिराळ्या देशांतल्या तरुणांच्या एका ऑनलाइन सभेत हिनंच बोलावं असं त्यांनी कळवलं, आणि ते पान छान रंगीत छापून पाठवलं.

ते कमलताईंच्या हाती पडलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण फोटो कळत होता आणि त्याखालची अवतरणचिन्हं कळत होती.

"हे शनिवारी मुलींपुढं मराठीत वाचा," त्या म्हणाल्या.

"मी कशाला? प्राजक्ता वाचेल की."

"लिवलं कोनी?"

शनिवारी गेलो. सगळ्या गोधडीवर बसल्या होत्या. दाराबाहेर पायरीवर एक माणूस बसला होता, गुडघे चोळत. मला वाटलं, भाडेकरू असेल कोणी. मी वाचायला लागलो. वस्ती, मुली, अभ्यासिका, सगळं नीट झालं. 'वडिलांचा विरोध' इथं आलो आणि घसा खरंच अडखळला. खाकरून पुन्हा सुरुवात केली तर पुन्हा तेच. कमलताई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. कसंबसं वाक्य संपवलं.

प्राजक्तानं हात वर केला. "सर, हे मी नाही बोलले."

आवाज चढलेला नव्हता. दर शनिवारी करायची तशीच तिनं ती दुरुस्ती केली. पायरीवरचा माणूस उठला, पँट झटकली, आत न बघता म्हणाला, "चालू द्या तुमचं," आणि गल्लीतून निघून गेला. ते शिंदे होते, मुलीचं छापून आलंय म्हणून ऐकायला आलेले.

त्या दिवशी ते अभ्यासिकेत बसायला गेले नाहीत. रविवारीही नाहीत, सोमवारीही नाहीत. मंडळानं सहाला अकरा मुलींना बाहेर काढलं. प्राजक्ताची परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

सोमवारी कमलताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "ते पाठवलेलं परत मागवा."

मॅडम आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, कमलताई, असं काही परत मागवता येत नाही, पुढच्या रिपोर्टात बघू. कमलताईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या. "ती सतरा वरसांची हाय. तिच्या नावानं तुमी तिच्या बापाला वाईट बोल्लात. मी एकोनीस वरसांची व्हते, तवा माझ्या नावानं बी कोनी असंच लिवलं व्हतं." मग बॅग उचलून त्या खाली निघून गेल्या.

मला राग आला. तासभर तर मी मनात त्यांच्याशी भांडतच होतो, की मुलीच्या भल्यासाठीच लिहिलं ना. मग जेवलो. जेवताना आठवलं, की चुलत्यांनीही भजी खाऊ घालताना हेच म्हटलं असणार. दुपारी बसून पत्र लिहिलं, की ते शब्द त्या मुलीचे नसून माझे आहेत, आणि तिचे खरे शब्द खालीलप्रमाणे. मॅडमनी ते जाऊ दिलं, पण नंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरतंही धड बोलल्या नाहीत.

ते पत्र घेऊन मी शिंद्यांच्या खोलीवर गेलो आणि उभ्या उभ्या मराठीत वाचलं. शिंदे मान खाली घालून ऐकत होते.

"परत वाचा," ते म्हणाले.

परत वाचलं. 'त्यांना बसावं लागतं हे मला आवडत नाही' हे आलं तेव्हा त्यांनी आत स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. "बराबर हाय तिचं. मला तरी कुठं आवडतंय. गुडघं धरत्यात." दुसऱ्या दिवशी सहाला ते पुन्हा खुर्चीत होते.

त्या ऑनलाइन सभेत प्राजक्ता स्वतःचंच वाक्य बोलली, मराठीत. कोणीतरी त्याचं इंग्रजी केलं. परीक्षा झाल्यावर तेच वाक्य घेऊन मुली मंडळाकडे गेल्या, आणि या वेळी शिंदेही बरोबर गेले. मंडळानं आणखी चार महिने लावले, पण मुलींसाठीचा वेगळा नियम काढून टाकला. ती प्लॅस्टिकची खुर्ची अजून दाराशी आहे. तिच्यावर आता जुन्या पेपरांचा गठ्ठा असतो.

नियम निघाला त्या शनिवारी बैठकीला मीही होतो. एव्हाना मी दर शनिवारी जायला लागलो होतो, कोणी बोलावत नसलं तरी. वही वाचून झाली, चहा झाला. मुली उठायला लागल्या तेवढ्यात प्राजक्ता म्हणाली, "ताई, एक राहिलं. तुमच्या बॅगेतला कागद कोणी वाचून दाखवला का?"

सगळ्या पुन्हा खाली बसल्या. त्या पाकिटाबद्दल सगळ्यांना माहीत होतं, पण विचारलं कोणी नव्हतं. कमलताई रिकामे ग्लास एकात एक घालत होत्या.

"नाय."

"मग तुम्ही स्वतः वाचला?"

"नाय वाचला."

"का?"

"भीती वाटते," कमलताई म्हणाल्या. "वाचला की काय तरी एक करावं लागंल." मग वहीकडे बोट केलं. "लिही ते. कमलताई बोल्ल्या, भीती वाटते."

मुलीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. कमलताईंनी हात वर केला. "हां, हे मी बोल्ले."

माझ्या सगळ्या नोकरीत एवढं खरं वाक्य कोणाच्या रिपोर्टात गेलेलं मी पाहिलं नाही, आणि हेही गेलं नाही.

पुढे दोन महिन्यांनी बिल्डरनं रघुनाथला शेवटची तारीख दिली. नोंदणीचं ऑफिस आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. आदल्या दिवशी कमलताई माझ्याकडे आल्या. साक्षीदार म्हणून दोन माणसं लागत होती. एक मी, दुसरी प्राजक्ता, जिला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. "भाऊ, उद्या काय लिवू नका. नुसतं ऐका," त्या म्हणाल्या. सही करणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सकाळी अकराला आम्ही तिथल्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो. नंबर यायचा होता. प्राजक्ता आधार कार्ड हातात धरून बसली होती. रघुनाथ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्याच्या काखेत साडीचा खोका होता. खोक्याच्या झाकणाला मधोमध पारदर्शक चौकट होती आणि आतली साडी हिरवीच होती. त्याला बिचाऱ्याला त्यात काही लागेल असं वाटलंही नसेल. बिल्डरच्या वकिलाचा एक तरुण माणूस कागद घेऊन आला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवायला लागला.

कमलताईंनी बॅगेतून ते खाकी पाकीट काढलं. आतला मसुदा काढून त्याच्या कागदाशेजारी धरला. दोन्ही एकच होते. मग म्हणाल्या, "लिवलं कोनी?"

"आमच्या ऑफिसात तयार होतं, आजी. सगळ्यांचं सेमच असतं."

"मग वाच."

त्यानं घड्याळ पाहिलं आणि वाचलं. दोन पानं त्यानं दीड मिनिटात संपवली, एका दमात. घसा कुठेही अडखळला नाही. रोजचंच काम ते. कमलताईंची इतक्या वर्षांची परीक्षा पहिल्यांदाच फुकट गेली होती. मला वाटलं, झालं, आता सही होणार.

"यानं नुसतं टायप केलं," त्या म्हणाल्या. "लिवून घेतलं कोनी?" आणि भावाकडे वळल्या. "तू घेतलं. तू वाच, रघू."

"ताय, मी काय वाचू? चार लोकांत."

"वाच."

रघुनाथनं खोका बाकावर ठेवला. कागद हातात घेतला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. असल्या कागदात लिहून देणारा बोलतो, त्यामुळे सुरुवातच अशी होती, की मी कमल, लिहून देणार. भावाच्या तोंडून बहिणीचं बोलणं. तो हळूहळू वाचत होता. मी माझा हिस्सा स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय, कसलाही मोबदला न घेता सोडत आहे. इथं त्याचा आवाज खाली गेला, पण तो थांबला नाही. दुसरं पान उलटलं. मी सध्या राहत असलेली मागील बाजूची खोली मी रिकामी करून देईन, आणि नवीन इमारतीत मला अगर…

तिथं तो थांबला. बोट ओळीवरच होतं. त्यानं ती ओळ मनात वाचली, मग पुन्हा वाचली. आम्ही सगळे त्याच्या बोटाकडे बघत होतो. वकिलाचा माणूस पुढे वाकला आणि त्यानंच पूर्ण केलं, "मला अगर माझ्या वारसांना कसलीही जागा मागण्याचा हक्क राहणार नाही. ही स्टँडर्ड ओळ आहे, काका."

रघुनाथनं वर पाहिलं. वर्षभर जो कागद त्यानं बहिणीच्या मागे लावला होता, तो त्यानं स्वतः वाचलेलाच नव्हता. खोली पक्की, असं त्याला बिल्डर सांगत होता आणि तेच तो दारात उभा राहून सांगत होता. त्याचा चेहरा पाहवेना.

"ताय, मना म्हायती नव्हतं."

"मना बी नव्हतं," कमलताई म्हणाल्या. "मी बी वाचलं नाय. दोगं बी सारकेच." त्यांनी त्याच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि एक हात वर केला, बैठकीत मुली करतात तसाच, खांद्याच्या जरा वर. "हे मी नाय बोल्ले."

प्राजक्तानं मान खाली घातली आणि आधार कार्ड पर्समध्ये ठेवून दिलं. वकिलाचा माणूस फोन लावायला बाजूला गेला. आमचा नंबर पुकारला गेला, दोनदा, मग पुढच्याचा पुकारला.

रघुनाथ खोका उचलून उभा होता. तो द्यावा की घरी न्यावा, हे त्याला कळत नव्हतं. कमलताईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. "तो भाऊबीजेला आन," त्या म्हणाल्या. "तवा नेसीन."

आम्ही जिन्यानं खाली आलो. प्राजक्ताला कॉलेज होतं, ती मेट्रोकडे गेली. मी पुढे चालत होतो. मागून आवाज आला म्हणून वळलो. बिल्डिंगच्या पायऱ्यांवर रघुनाथनं बहिणीला थांबवून तो कागद परत मागून घेतला होता. खोका काखेत धरून, ओळीखाली बोट ठेवून तो पहिल्यापासून मोठ्यानं वाचत होता, आणि कमलताई एक पायरी वर उभ्या राहून, बॅग पोटाशी धरून ऐकत होत्या. लोक दोघांना वळसा घालून वर-खाली करत होते.

त्याच महिन्यात मी निवृत्त झालो. संस्थेचा मुलींच्या गटांचा प्रकल्पही संपला आणि कमलताईंचं बेलापूरला येणं थांबलं. भाऊबीजेला रघुनाथनं तो खोका आणला की नाही, ते मी कोणाला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही म्हणा. नोंदणीच्या त्या दिवशी मला ऑफिसात जायचं होतं, मी रस्ता ओलांडला. पलीकडून एकदा पाहिलं, तर रघुनाथ दुसऱ्या पानावर आला होता.